पडण्याचा सराव: नाशिकच्या एका ज्युदो वर्गातील प्रकरण अभ्यास

ज्युदोच्या मॅटवर शिकलेली गोष्ट माणसाच्या नोकरीत, घरात आणि नात्यागोत्यांत उतरते का, आणि उतरत असेल तर कोणत्या वाटेने, हा प्रश्न आमच्या क्षेत्रात फार क्वचित नीट विचारला जातो. शिस्त लागते, आत्मविश्वास वाढतो, मन खंबीर होते, ही वाक्ये वर्गाच्या फलकावर असतात आणि पालकसभेतही ऐकू येतात. पण नेमकी कोणती कृती शिकल्याने नेमका कोणता बदल झाला हे दाखवायची वेळ आली की आम्ही प्रशिक्षक मंडळी मोघम बोलू लागतो. पुढील प्रकरण मी सविस्तर लिहीत आहे ते या मोघमपणाला उत्तर म्हणून. त्यातील विद्यार्थिनीची या लेखनाला संमती आहे, आणि त्यांची किंवा त्या जिथे काम करतात त्या कारखान्याची ओळख पटेल असे तपशील गाळले किंवा बदलले आहेत.

पार्श्वभूमी

वर्गातली मुले त्यांना काकू म्हणतात, मी ताई म्हणतो. इथेही तेच संबोधन ठेवतो. ताईंचे वय चाळिशीच्या आसपास आहे. अंबड औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग तयार करणाऱ्या एका मध्यम आकाराच्या कारखान्यात त्या क्वालिटी इन्स्पेक्टर आहेत. नवीन नाशिकमधल्या आमच्या वर्गात त्यांचा मुलगा आधी येत असे आणि त्या बाकावर बसून वाट पाहत. प्रौढांसाठी नवशिक्यांची तुकडी सुरू झाली तेव्हा त्यांनी नाव घातले, तेही वजन आणि आखडलेली पाठ या दोन कारणांसाठी. स्वभावात काही बदल घडावा, असा हेतू त्यांच्या मनात नव्हता. हे मुद्दाम नोंदवतो, कारण बदलाची इच्छा धरून आलेल्या माणसाला बदल झाल्याचा भास होणे सोपे असते.

ज्युदोत सर्वांत आधी पडायला शिकवतात. ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी १८८२ साली टोकियोत कोडोकान ही ज्युदोची शाळा सुरू केली, तेव्हा जुजुत्सू या जुन्या जपानी युद्धकलेतले घातक प्रकार त्यांनी मोकळ्या लढतीच्या सरावातून, म्हणजे रांदोरीतून, बाजूला काढले आणि फेकीचे डाव पूर्ण ताकदीनिशी, तरीही इजा न होता, रोज करता यावेत अशी पद्धत बसवली. ही पद्धत चालते ती उकेमीमुळे, म्हणजे सुरक्षित पडण्याच्या तंत्रामुळे. ज्याला पडता येत नाही त्याला फेकता येत नाही, आणि ज्याला कोणी फेकू शकत नाही त्याच्याबरोबर कोणाला शिकताही येत नाही. त्यामुळे पहिले काही आठवडे आमच्याकडे डाव जवळपास नसतातच, फक्त पडणे असते: आधी आडवे झोपून हात आपटणे, मग बसून मागे लोळणे, मग उकिडवे बसून, मग उभ्याने, आणि शेवटी जोडीदाराने फेकल्यावर.

मॅटवर काय दिसले

मागे पडताना शरीराने काय करायचे ते थोडक्यात सांगतो, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. हनुवटी छातीला लावून नजर स्वतःच्या बेल्टच्या गाठीवर ठेवायची, म्हणजे डोक्याची मागची बाजू जमिनीवर आदळत नाही. पाठ गोल करायची. पाठ मॅटला टेकते त्याच क्षणी दोन्ही हात, तळव्यापासून कोपरापर्यंत, शरीरापासून थोडे तिरके ठेवून मॅटवर सपाट आपटायचे, म्हणजे आघात एका जागी न राहता पसरतो. आणि त्याच वेळी श्वास सोडायचा. जे करायचे नाही ते एकच आहे: सावरण्यासाठी हात मागे टेकवायचा नाही. नेमके तेच माणसाला आपसूक येते. तोल गेला की हात जमिनीकडे झेपावतो, सगळे वजन एका मनगटावर येते, आणि मनगट, कोपर किंवा गळ्याचे हाड मोडते.

ताईंचा हात मागे जात असे. नवशिक्यांपैकी बहुतेकांचा जातो आणि थोड्याच दिवसांत थांबतो. त्यांचा थांबत नव्हता. उकिडवे बसून मागे जायचे म्हटले की उजवा हात आधीच मागे पोहोचलेला असे, पाठ टेकण्याच्या कितीतरी आधी. श्वास रोखलेला, डोळे मिटलेले. पडून झाल्यावर त्या झटकन उठून बसत आणि मी काही बोलायच्या आत म्हणत, ‘हो, हात मागे गेला, कळलं मला, पण मॅट सरकली ना.’ मॅट सरकलेली नसे. त्या खोटे बोलत होत्या असे मला मुळीच वाटले नाही. पडण्याच्या आधी जसा हात मागे जात होता, तसेच माझे वाक्य येण्याआधी त्यांचे उत्तर बाहेर येत होते. तेव्हा या दोन गोष्टी मी एकत्र जोडून पाहिल्या नव्हत्या, आणि त्या जोडण्याचे श्रेय पूर्णपणे ताईंचे आहे.

उपाय साधा होता. दोन्ही हातांनी स्वतःच्या गीची, म्हणजे ज्युदोच्या पोशाखाची, कॉलर छातीजवळ धरून ठेवायची आणि तशाच अवस्थेत मागे लोळायचे. हात बांधलेले असल्याने सावरायला काही उरत नाही, आणि हात न टेकवताही पाठ ठीक राहते हे शरीराला स्वतःच्या अनुभवातून कळते. सांगून ते कळत नाही. श्वासासाठी त्यांना मोठ्याने आवाज काढत पडायला सांगितले. त्याचा त्यांना सुरुवातीला फार संकोच वाटला, पण त्यांच्या मुलाच्या वयाची पोरे शेजारी बिनदिक्कत ओरडत पडत असल्याने तो लवकर गेला. हे काम पावसाळाभर चालले. थंडी सुरू झाली, मॅट सकाळी गार आणि कडक लागू लागल्या, तेव्हा त्या उभ्याने पडत होत्या आणि हात जागेवर होता.

त्याच सुमारास एकदा वर्ग सुटल्यावर बेल्ट गुंडाळता गुंडाळता त्या म्हणाल्या, ‘सर, माझं कंपनीत असंच होतं. सकाळच्या मीटिंगमध्ये कुणी क्वालिटीचं नाव घेतलं की त्याचं बोलणं संपायच्या आधी माझं उत्तर गेलेलं असतं. आणि मग तेच उत्तर मला दिवसभर निस्तरावं लागतं.’

एका सवयीची उजळणी

त्यांनी सांगितलेले चित्र असे होते. कारखान्यात रोज सकाळी उत्पादन, मेंटेनन्स, स्टोअर आणि क्वालिटी या विभागांची उभ्या-उभ्या बैठक होते. आदल्या दिवसाचे रिजेक्शन, ग्राहकांच्या तक्रारी आणि अडकलेले लॉट यांवर तिथे बोलणे होते. तक्रार आली की पहिला प्रश्न क्वालिटीला, ‘तुम्ही पास केलंच कसं?’ असा येतो. ताई तत्काळ उत्तर देत: फिक्श्चर (भाग जागेवर धरून ठेवणारे साधन) उत्पादनाचे आहे, ऑपरेटर नवा होता, त्या दिवशी दुसऱ्या शिफ्टला आपण नव्हतोच. यातली बरीच उत्तरे खरीही असत. पण घाईत दिलेले खरे उत्तरही बचावासारखे ऐकू येते, समोरचा विभाग लगेच उलट बाजू मांडतो, आणि भाग का बिघडला हा मूळ प्रश्न तसाच राहतो. त्यानंतर दोन-तीन दिवस ते बोलणे त्यांच्या डोक्यात घोळत राही, झोप लागत नसे, आणि या कारणाने आधीची एक नोकरी त्यांनी सोडलेलीही होती.

मी समुपदेशक नाही, आणि कामाच्या ताणाने कोणाची झोप किंवा भूक दीर्घकाळ बिघडली असेल तर त्याने डॉक्टरकडेच जायला हवे. इथे मात्र प्रश्न एका ठरावीक प्रतिक्रियेचा होता आणि त्या प्रतिक्रियेचे रूप माझ्या ओळखीचे होते. म्हणून आम्ही दोघांनी बसून उकेमीच्याच क्रमाने एक सराव आखला. पहिली गोष्ट, वाक्य कानावर आले की श्वास सोडायचा. घ्यायचा नाही, सोडायचा. दुसरी, बोलणाऱ्याचे वाक्य संपेपर्यंत नजर हातातल्या चेकशीटवर ठेवायची. तिसरी, तोंडातून निघणारे पहिले वाक्य खुलाशाचे नसावे, वस्तुस्थिती विचारणारे असावे: कोणता लॉट, किती नग, कोणती शिफ्ट.

हे सांगणे सोपे आहे आणि नुसते सांगून काहीही होत नाही. मागे हात टेकवू नका हे ताईंना पहिल्याच दिवशी सांगितले होते. म्हणून त्यांनी मीटिंगमध्ये खरोखर ऐकलेली वाक्ये वहीत लिहिली, सौम्यपासून झोंबणाऱ्यापर्यंत क्रमाने लावली, आणि रात्री जेवणानंतर यजमानांना ती मोठ्याने वाचायला लावली. तेही कारखान्यातच नोकरी करतात, त्यामुळे मॅनेजरचा सूर त्यांना उत्तम जमत असे. सौम्य वाक्यांवर श्वास सुटायला लागल्याशिवाय पुढच्या वाक्याकडे जायचे नाही, हा नियम ताईंनी कडकपणे पाळला. आडवे, बसून, उकिडवे, उभे, हा क्रम त्यांच्या अंगात आधीच मुरलेला होता, त्यामुळे सावकाश जाण्याबद्दल त्यांना काही समजावून सांगावे लागले नाही. ज्याने असे काही कधी शिकलेले नसते तो माणूस तिसऱ्याच दिवशी सगळ्यात कठीण वाक्यावर उडी मारतो.

कसोटीचा प्रसंग

जानेवारीच्या आसपास चाकणकडच्या एका ग्राहकाची तक्रार आली. ब्रॅकेटवरच्या एका छिद्राची जागा ठरलेल्या मर्यादेबाहेर होती आणि त्यांच्या जुळणीच्या लाइनवर बोल्ट बसत नव्हता. सकाळच्या बैठकीत मॅनेजरांनी सगळ्यांसमोर विचारले, ‘क्वालिटीने काय झोपा काढल्या का?’

पुढचे मी ताईंच्या आणि बैठकीत हजर असलेल्या त्यांच्या एका सहकाऱ्याच्या सांगण्यावरून लिहितो. ताई काही क्षण गप्प राहिल्या. हे इतके नवीन होते की मेंटेनन्सच्या माणसाने त्यांच्याकडे वळून पाहिले. मग त्यांनी लॉट क्रमांक विचारला, नग किती ते विचारले, आणि म्हणाल्या, ‘स्टॉकमधला आणि लाइनवरचा सगळा माल आत्ता होल्डला टाकते. अकरापर्यंत वेळ द्या, मग कारणासकट बोलते.’ यापलीकडे त्या काही बोलल्या नाहीत.

अकरापर्यंत जे सापडले ते असे. फिक्श्चरमधली, भाग जागेवर बसवणारी लोकेटिंग पिन झिजलेली होती. भाग बसताना किंचित हलत होता, त्यामुळे छिद्र कधी जागेवर पडे आणि कधी सरकून. शिफ्टच्या सुरुवातीला तपासला जाणारा पहिला नग बरोबर निघाला होता, चेकशीटवर तशी सही होती, आणि ती सही क्वालिटीची होती. शिफ्टच्या मध्यात हे माप तपासण्याची नोंद चेकशीटमध्ये नव्हतीच. म्हणजे पिन ही उत्पादन आणि मेंटेनन्सची बाजू, आणि मध्यातली तपासणी नसणे ही क्वालिटीची बाजू. ताईंनी अहवालात दोन्ही लिहिल्या. पूर्वीच्या त्यांनी पिन सापडताक्षणी ती हातात घेऊन उत्पादन विभागाकडे धाव घेतली असती आणि स्वतःच्या चेकशीटकडे पाहिलेच नसते, असे त्यांचेच म्हणणे आहे.

त्यांचे कोणी कौतुक केले नाही. मॅनेजरांनी अहवालाचा नमुना जुना वापरल्याबद्दल टोकले, आणि पिन बदलण्याचे वेळापत्रक ठरायला आणखी बरेच दिवस गेले. पण त्या रात्री त्यांना झोप लागली. माझ्या दृष्टीने या प्रकरणात मोजण्यासारखे काही असेल तर ते हेच आहे.

हे घडले कसे

एका ठिकाणी केलेला सराव दुसऱ्या ठिकाणी आपोआप उपयोगी पडतो, ही समजूत जुनी आहे. एडवर्ड थॉर्नडाइक आणि रॉबर्ट वुडवर्थ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९०१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत तिला चांगलाच धक्का दिला. एका कामातले कौशल्य दुसऱ्या कामात उतरते ते दोन्ही कामांत समान घटक जितके असतील तितकेच, असा त्यांचा निष्कर्ष होता. ताईंच्या बाबतीत समान घटक होते: अनपेक्षित धक्का, रोखलेला श्वास, आणि स्वतःला वाचवण्यासाठी वेळेआधी पुढे येणारी एक हालचाल. मॅटवर ती हाताची होती, मीटिंगमध्ये जिभेची. म्हणून ते जमले. ज्युदोमुळे त्यांना ‘धैर्य’ आले आणि त्या धैर्याने हे घडले, अशी मांडणी मला मान्य नाही.

आपल्याकडच्या वस्तादांना हे बहुधा प्रयोगांशिवाय ठाऊक होते. दुसऱ्या बाजीरावांच्या काळातले बाळंभटदादा देवधर यांना मल्लखांबाची विद्या आपल्याच जिल्ह्यातल्या सप्तशृंगी गडावर साक्षात मारुतीरायाकडून मिळाली, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका बाजूला ठेवली तरी त्या विद्येतली युक्ती पाहण्यासारखी आहे. मल्लाला मांडीची पकड पक्की करायची असेल तर त्याला कुठलीही कसरत न देता लाकडी खांबावर तीच पकड घालायला लावायची, म्हणजे सरावाची वस्तू लढतीच्या वस्तूसारखी असते. समान घटक मुद्दाम तयार केलेला आहे. ताईंच्या वहीतली वाक्ये आणि यजमानांचा मॅनेजरी सूर यांचे काम तेच होते, आणि ते काम केले नसते तर मॅटवरची उकेमी मॅटवरच राहिली असती, असे मला ठामपणे वाटते.

आणखी एक कारण मला कमी महत्त्वाचे वाटत नाही. ज्युदोत फेकणारा, म्हणजे तोरी, फेकल्यावर जोडीदाराची बाही सोडत नाही. पडणाऱ्याचा एक हात तो वर ओढून धरतो, त्यामुळे पडणे हलके होते आणि डोके वाचते. परस्परांचे हित हे कानो यांचे तत्त्व आमच्या वर्गात याच बाहीपासून शिकवले जाते. भीती कमी झाली ती पडून पडून नाही, तर बाही धरणाऱ्यांच्या हातून पडून. कारखान्यात मॅनेजर तोरी नव्हते आणि होणारही नव्हते, त्यांच्याकडून बाही धरण्याची अपेक्षा करणे व्यर्थ होते. पण घरी यजमान होते, आणि पुढे उत्पादन विभागातल्या एका पर्यवेक्षकाशी ताईंनी ठरवून घेतले की तक्रार आली तर बैठकीआधी दोघांनी फिक्श्चर आणि चेकशीट एकत्र पाहायची. व्यक्तिगत विकासाबद्दल बोलताना आपण एकट्या माणसाच्या निर्धारावर फार भर देतो. निर्धाराने हात मागे जायचा थांबत नाही, हे मी मॅटवर अनेकांच्या बाबतीत पाहिले आहे.

जिथे हे लागू पडले नाही

याच तंत्राने ताईंचे एका ठिकाणी नुकसान होता होता राहिले. निफाड तालुक्यात त्यांच्या वडिलांची शेती आहे. वडील गेल्यानंतर थोरल्या भावाने हक्कसोडपत्राचा विषय काढला. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क २००५ च्या कायदा दुरुस्तीने मिळालेला आहे, तरी बहिणीने सही करून द्यावी ही अपेक्षा आपल्याकडे अजून बहुतेक घरांत असते, आणि सही केली नाही तर माहेर तुटेल ही भीतीही असते. संक्रांतीला माहेरी गेल्यावर दादांनी सगळ्यांसमोर विषय काढला तेव्हा ताईंनी श्वास सोडला, दादांचे बोलणे पूर्ण होऊ दिले, आणि गप्प राहिल्या. घरच्यांनी त्या गप्प राहण्याचा अर्थ होकार असा घेतला. आठवडाभरात तयार कागद घेऊन फोन आला.

ताई वर्गात आल्या त्या चिडून, आणि त्यांचा राग काही अंशी माझ्यावरही होता. त्यांचे म्हणणे रास्त होते. मीटिंगमध्ये धक्का येऊन जातो आणि काम पुढे जाते; तिथे शांतपणे धक्का पचवणे पुरते. इथे मात्र कोणी त्यांना फेकत नव्हते. इथे पकड घेतली जात होती, आणि पकड घेतली जात असताना सुंदर उकेमीचा काही उपयोग नसतो. कानो ज्युदोचे तत्त्व समजावताना आकड्यांचे उदाहरण देत: समोरच्याची ताकद दहा आणि माझी सात असेल, तर अडून उभा राहिलो की मी हरणारच, पण मी त्याच्या जोराबरोबर मागे सरलो की त्याचा तोल जातो, क्षणभर त्याच्याकडे तीनच उरतात, आणि माझ्या सातांतला निम्मा जोरही मला पुरतो. हे उदाहरण सांगताना पुष्कळ जण मागे सरण्यापाशी थांबतात. मागे सरून त्या क्षणी काहीच केले नाही तर दहावाला पुन्हा तोल सावरतो आणि आपण भिंतीला टेकलेले असतो.

मॅटवरही ताईंचा कच्चा दुवा हाच निघाला. उकेमी उत्तम झाली होती, पण रांदोरीत जोडीदाराने कॉलर धरली की त्या ती धरू देत आणि फेकले जाण्याची वाट पाहत. पकड कशी तोडायची, बाही कशी झटकून सोडवायची, आणि सोडवल्यावर लगेच स्वतःची पकड कशी घ्यायची, हे आता आम्ही करतो आहोत. ते त्यांना उकेमीपेक्षा जड जाते आहे. त्यांचे कोपर अजून ताठ राहतात, आणि पिवळ्या बेल्टची परीक्षा त्यांनी स्वतःहून पुढे ढकलली आहे, जे मला योग्य वाटते.

या वेळीही वही निघाली, मात्र तिच्यात ऐकलेली वाक्ये नव्हती, बोलायची वाक्ये होती. पहिले वाक्य त्यांनी यजमानांसमोर कितीतरी वेळा म्हणून पाहिले, कारण ‘दादा’ म्हटल्यावर आवाज लहान मुलीसारखा होतो असे त्यांच्या लक्षात आले होते. फेब्रुवारीत त्यांनी फोन केला: ‘दादा, मी नाही म्हणत नाही आणि हो पण म्हणत नाही. आधी सातबारा आणि फेरफार मला बघू दे, आईच्या नावावर काय राहणार ते लिहून दे, मग आपण तिघं बसून बोलू.’ दादांनी फोन ठेवला. आईने नंतर दोनदा फोन करून समजूत घालण्याचा प्रयत्न केला, आणि त्यातल्या एका फोनवर ताई पुन्हा जुन्या सवयीने सविस्तर खुलासे देत बसल्या. दादांकडून उतारे अजून आलेले नाहीत, ताईंनी ते स्वतःच ऑनलाइन काढले आहेत, आणि हक्कसोडपत्रावर त्यांची सही झालेली नाही.